मामाचं यकृत आणि लोकांचे फ्रीज

४ जून

प्रिय मामा,

हे पत्र तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर टाकतेय, घरच्या नाही. फोन केला असता, पण आमच्याकडे बाबा फोनच्या शेजारीच घड्याळं उघडून बसतात, आणि तुझ्या घरी मामी फोन स्पीकरवर टाकून भाजी चिरते. जे सांगायचंय ते आधी तुला एकट्याला.

बाबांचं यकृत थकलंय. दोन वर्षं गोळ्यांवर निभावलं. लोक तोंडानं विचारत नाहीत, पण नजरेनं विचारतात, की हा माणूस चोरून पितो की काय. तुला तर ठाऊक आहे, बाबा खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत ठेवतात. त्यांच्या शरीराचे पहारेकरीच उलटलेत आणि आपल्याच यकृताला चोर समजून बडवतायत. काल डॉक्टर म्हणाले, आता दुसऱ्या कुणाच्या यकृताचा तुकडा बसवावा लागेल. हातात काही महिने आहेत, वर्ष नाही.

माझा रक्तगट आईचा, बाबांना चालत नाही. रुग्णालयाच्या यादीत नाव घातलंय, पण पुढे पुष्कळ माणसं आहेत.

तुझा रक्तगट बाबांचाच आहे. मी मागत नाहीये, मामा. फक्त सांगतेय. न सांगता बसले असते तर तू मला जन्मभर बोलला असतास.

तुझी बारकी

८ जून

बारके,

मागत नाहीये म्हणालीस ते बरं केलंस. मागितलं असतंस तर मी सवयीनं घासाघीस केली असती.

तुझा बाप पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा मी शेजाऱ्यांचं कपाट पाठीवर घेऊन जिना उतरत होतो. ताई म्हणाली, हा माझा भाऊ. मी कपाटाखालूनच नमस्कार केला. दाजींना माणूस दिसलाच नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘कपाट’. आज माझ्या चार गाड्या आहेत, हाताखाली पंधरा माणसं आहेत, पाटीवर माझं नाव आहे, पण दाजी भेटले की, ‘काय कपाट, कसं काय.’ ते चिमट्यानं घड्याळातली केसाएवढी कमान उचलतात, मी फ्रीज उचलायचो. आमचं कधी पटायचं कारणच नव्हतं. तरी ताई गेल्यापासून दर महिन्याला ते मला फोन करतात आणि काही न बोलता ठेवतात. मी तेवढ्यावर समजतो.

तर कपाटातलं सामान त्यांना लागत असेल, तर काढून देऊ.

पण त्यांना आत्ता सांगू नकोस. ते नाही म्हणतील. आधी मी पास होतो, मग त्यांच्याकडे बघतो. तोवर तू मला हे यकृत काय चीज आहे ते सांग. डॉक्टरी भाषेत नको. सामान हलवणाऱ्याला कळेल असं. ठेवलंय कुठं, वजन किती, आणि एक तुकडा काढला तर बाकीचं पडणार तर नाही ना?

तुझा मामा

१३ जून

प्रिय मामा,

तू एवढ्या लवकर हो म्हणशील असं वाटलं नव्हतं. पत्र प्रयोगशाळेत उघडलं. मग रक्ताच्या नळ्या लावायच्या होत्या म्हणून डोळे पुसून घेतले.

ऐक. यकृत उजवीकडे, बरगड्यांच्या आत, फुप्फुसाच्या खाली. वजन दीड किलोच्या आसपास. उजवा भाग मोठा, डावा लहान. बाकीच्या बहुतेक अवयवांना रक्त आत नेणारा एकच रस्ता असतो, याला दोन. दुसरी मोठी शीर आतड्यांकडून येते, जेवणातला सगळा माल घेऊन. म्हणजे तू जे काही खातोस त्यातलं बरंचसं अंगात इतर कुठं पोचायच्या आधी याच्या दारात उतरतं. तुझ्या गोदामासारखंच. तिथं माल उघडायचा, साखर साठवून ठेवायची, विष निवडून निकामी करायचं, पित्त बनवून आतड्याकडे पाठवायचं. रक्त गोठवणारी द्रव्यं बहुतेक इथंच तयार होतात. आणि तुकडा काढला तर पडत नाही, वाढतं. तुझ्याकडे उरलेलं काही महिन्यांत जवळपास पहिल्याएवढं होतं, आणि बाबांकडे गेलेलंही. मात्र ऑपरेशन मोठं आहे, धोका थोडा का होईना आहे. तो मी लपवणार नाही.

आम्ही प्रयोगशाळेत यकृत बघत नाही, रक्त बघतो. एसजीओटी आणि एसजीपीटी ही नावं तुला रिपोर्टवर दिसतील. ते आतले कामगार समज. भिंत धड असेल तोवर ते आत असतात, चुकून चारदोन रस्त्यावर दिसतात. रक्तात त्यांची गर्दी दिसली की समजायचं, कुठंतरी भिंत फुटली. बिलिरुबिन हा जुन्या लाल पेशींचा पिवळा कचरा. तो उचलला गेला नाही की डोळे पिवळे होतात. अल्ब्युमिन हा तयार माल. तो कमी पडला तर कारखाना मंदावला.

सोबत रुग्णालयानं दिलेल्या तपासण्या लिहून पाठवतेय. तुझ्या इथल्याच प्रयोगशाळेत रक्त दे. उपाशी पोटी. नाष्टा करून जाऊन ‘उपाशी आहे’ म्हणू नकोस, मला कळतं.

तुझी बारकी

२ जुलै

बारके,

रक्त चांगलं निघालं. सगळे कामगार आत. पण सोनोग्राफीवाला माझ्या पोटावर जेल लावून बराच वेळ यंत्र फिरवत राहिला आणि म्हणाला, यकृतावर चरबी आहे. मुकादमाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘शेठ, नुसत्या यकृताचं नाव कशाला खराब करतात?’

डॉक्टरांचं म्हणणं, दहाएक किलो उतरवा, चरबी कमी झाली की तुम्ही चालाल. गोड बंद, तळलेलं बंद, रोज व्यायाम. जेवण बदलायचं म्हणजे मामीला सांगणं आलं. सांगितलं. ती आधी गप्प बसली. ती गप्प बसली की मला फार काम सुचतं. मी कारण नसताना पंख्याचे स्क्रू आवळले. मग ती म्हणाली, ‘एक अट. पाठीला जपायचं. त्या वर्षी सहा आठवडे आडवे पडला होता ते मी विसरले नाही. वजन उचलताना दिसलात तर यकृत राहील बाजूला, मीच तुमचे तुकडे करीन.’ मी शपथ घेतली.

तर आता सकाळी उकडलेल्या भाज्या, दुपारी उकडलेल्या भाज्या, आणि रात्री काय असेल याचा अंदाज तू कर. व्यायाम चालू केलाय. कसला ते विचारू नकोस, आपलं चालणं-बिलणं. पट्ट्याला नवीन भोक पाडलं.

दाजी कसे आहेत?

मामा

२१ ऑगस्ट

प्रिय मामा,

बातमी चांगली होती, मग बिघडली.

वजन उतरलं, सोनोग्राफीत चरबी निम्म्याहून कमी. रुग्णालयात दात्यांचं काम बघणाऱ्या समन्वयक बाई इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या, तुमच्या मामाला इतर दात्यांसमोर भाषणाला उभं करू. मग रक्ताचा रिपोर्ट आला. एसजीओटी दोनशे बारा, एसजीपीटी अठ्ठ्याण्णव. चाळीसच्या आसपास असायला हवेत. जुलैत दोन्ही तीसच्या आत होते.

आणि एकाच्या दुप्पट दुसरा. असा नमुना दिसला की डॉक्टरांना आधी बाटली दिसते. त्यांनी मला विचारलं, मी तुला विचारतेय. वाईट वाटून घेऊ नकोस. काळजीनं चोरून घ्यायला लागला आहेस का? किंवा वजन उतरवायची कसली पावडर, काढा, शेजाऱ्यानं दिलेल्या गोळ्या? खरं सांग. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण नंतर.

मला स्वतःला एक गोष्ट जुळत नाहीये. गॅमा जीटी नावाची एक तपासणी आहे, रोज पिणाऱ्यांची ती बहुधा चढलेली असते. तुझी साफ आहे. बिलिरुबिन साफ, काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या साफ. भिंत फुटली असेल तर फक्त हे दोघेच बाहेर कसे येतायत?

दोन आठवड्यांनी परत रक्त दे. तोवर त्यांनी तुझं नाव बाजूला ठेवलंय. बाबांच्या पायांना सूज आलीय. घड्याळाचा स्क्रू खाली पडला तर वाकून शोधत नाहीत, मला हाक मारतात.

तुझी बारकी

९ सप्टेंबर

बारके,

वाईट वाटलं नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला लोक आधी तेच विचारतात.

पण तुझं पत्र मामीच्या हाती लागलं. तिनं गोदाम उघडलं, गाड्यांच्या सीटखाली हात घातले, मुकादमाला ‘हा’ करायला लावून तोंडाचा वास घेतला. तो अजून मला विचारतोय, ‘शेठ, संशय तुमच्यावर होता ना?’ मिळालं काय, तर एका गाडीत कुणाचा तरी हरवलेला चष्मा. पावडर नाही, काढा नाही, गोळी नाही. ताईची शपथ.

परत रक्त दिलं. रिपोर्ट सोबत आहे. एसजीओटी दोनशे साठ. वाढलाय. इकडच्या डॉक्टरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी गिऱ्हाईकाकडे पाहतो जेव्हा ते म्हणतं की ‘सामान काही फार नाहीये’. मी तर व्यायाम दुप्पट केला होता. म्हटलं, आळसानं चढलं असेल तर घामानं उतरेल.

मन लागत नाही. तुला हसवायला म्हणून एक सांगतो. परवा एका जोडप्याचं घर चौथ्या मजल्यावर चढवलं. जिन्यात बाई नवऱ्याला म्हणते, ‘तुमच्या आईंचा तो पलंग गाडीतच राहिला असं सांगू या का? पलंग नाही म्हटल्यावर त्या राहायला येणार कशा?’ नवरा म्हणतो, ‘हळू बोल.’ तर बाई म्हणते, ‘कोण ऐकतंय इथं?’ आणि दुसऱ्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत तिनं सासूचं पूर्ण चरित्र सांगितलं. मी पलंग स्वतः जोडून दिला आणि नट असे आवळले की तो आता त्या घरातून हलणार नाही.

त्यांनी मला नापास केलं तर पुढं काय, ते कळव. गोड बोलू नकोस.

मामा

१३ सप्टेंबर

मामा,

बाई म्हणाली, कोण ऐकतंय इथं. तेव्हा तू नेमका कुठं होतास?

मी तुला घरं हलवताना पाहिलंय. तू इस्त्रीचा शर्ट घालून खाली गाडीपाशी उभा असतोस, पावती पुस्तक काखेत, आणि गिऱ्हाईक तुला चहा विचारतं. त्या शेठसमोर कुठलीही बाई सासूचा पलंग विसरायची भाषा करणार नाही. तसं लोक एकाच माणसासमोर बोलतात. ज्याच्या पाठीवर त्यांचा फ्रीज आहे त्याच्यासमोर. त्याला कान असतात हे कुणाच्या लक्षात येत नाही. हे तूच मला शिकवलंस.

तू हमाली करतोयस. चालणं-बिलणं म्हणे.

आता मी प्रयोगशाळेतली बाई म्हणून सांगते. त्या कामगारांबद्दल मी तुला अर्धंच सांगितलं, चूक माझी. एसजीओटी फक्त यकृतात नोकरी करत नाही. स्नायूंतही करतो, तिथं तर भरपूर. एसजीपीटीसुद्धा थोडा. वीस वर्षं बसून खाल्लेल्या माणसानं एकदम फ्रीज उचलायला घेतले, तर मांड्या-पाठीचे स्नायू आतून सोलवटतात, आणि तिथले कामगार रक्तात येतात. गणवेश तोच. मोजणाऱ्याला कळत नाही कुठल्या कारखान्यातून आले. तुझ्यावर यकृताचा संशय आला आणि तू ते सुधारायला आणखी फ्रीज उचललेस, म्हणून आकडा आणखी चढला.

हा माझा अंदाज आहे, खात्री नाही. खात्रीसाठी सीके नावाची तपासणी पत्र मिळाल्या दिवशीच कर. ती स्नायूंची आहे. ती चढलेली निघाली तर मी रुग्णालयात बोलते. पाणी भरपूर पी. लघवी काळपट झाली तर पत्र लिहीत बसू नकोस, डॉक्टरकडे पळ. आणि त्यानंतर दहा दिवस काहीही उचलायचं नाही. भाजीची पिशवीसुद्धा नाही. मग परत रक्त.

मामीला तू सांगतोस की मी सांगू?

बारकी

२७ सप्टेंबर

बारके,

मामीला मीच सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिनं खुर्ची दाखवली आणि म्हणाली, बसा. तेव्हापासून बसलोय.

आता खरं काय ते ऐक. नुसतं चालून वजन उतरेना. एक दिवस एक माणूस आला नाही म्हणून मी वॉशिंग मशीनला हात लावला, आणि उचललं की ग. पंचवीस वर्षांचा असल्यासारखं वाटलं. मग सोडवेना. एका आजोबांनी तर माझ्याकडे बघून मुकादमाला झापलं, ‘तुमच्या शेठला सांगा, या वयाच्या माणसाला राबवू नका.’ मुकादम म्हणाला, ‘सांगतो, पण तो ऐकत नाही.’

सीके अडीच हजाराच्या घरात निघाली. एरवी दोनशेच्या आत असते म्हणे. प्रयोगशाळेतल्या मुलीनं विचारलं, मॅरेथॉन पळालात का? मी म्हटलं, हो, पाठीवर सोफा घेऊन.

हे दहा दिवस फार वाईट गेले. मीठदाणी उचलायला गेलो तर मामी ‘अं?’ करायची. गोदामात फिरकू दिलं नाही. मुकादमानं धंदा माझ्यापेक्षा चांगला चालवला, हे त्यानं मला सांगायची गरज नव्हती.

काल रक्त दिलं. एसजीओटी एकतीस. एसजीपीटी तेहतीस. सीके खाली. डॉक्टर चष्मा काढून हसले. दोन्ही रिपोर्ट तुझ्या समन्वयक बाईंकडे पाठव आणि म्हणावं, भाषणाची तारीख सांगा.

मामा

११ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तू पास. रुग्णालयाच्या समितीनं स्कॅन पाहिले, तुझी मुलाखत झाली तीही पसंत पडली. समन्वयक बाई विचारत होत्या, हा माणूस नेहमीच असा बोलतो का. पुढच्या महिन्यातली तारीख मिळतेय.

काल बाबांना सांगितलं. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, पुसलं, परत लावलं आणि म्हणाले, ‘नाही.’ कारण विचारलं तर म्हणाले, ‘त्याला काही झालं तर त्याच्या बायकोसमोर मी कुठल्या तोंडानं उभा राहू? कपाटाला कळव, आभारी आहे, नको.’ तासभर समजावलं. ते म्हणतात, हा माझा निर्णय आहे. डॉक्टरही म्हणतात, तो त्यांचाच आहे. काल रात्री बडबडत होते. रक्तात विष साठलं की असं होतं. सकाळी त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं, मला आठवतंय.

आता तूच त्यांना लिही.

तुझी बारकी

१४ ऑक्टोबर

दाजी,

दर महिन्याला फोन करून न बोलता ठेवता, म्हणून हे पत्र. यात मध्येच ठेवून देता येत नाही.

तुम्हाला माझं यकृत नको, हे कळलं. ते तयार करायला मी तीन महिने उकडलेला दुधी खाल्लाय, ते आता मी कुणाच्या गळ्यात मारू? इतकं स्वच्छ यकृत या वयात कुठं मिळायचं नाही. रिपोर्ट बघा, तुम्हाला आकडे कळतात.

आता नीट बोलतो. भीती मला आहे. डॉक्टरांनी धोके वाचून दाखवले तेव्हा मी ते पहिल्यापासून परत वाचायला लावले. नाही म्हणायचं तर मला म्हणायची सोय आहे. त्यांनी मला एकट्याला खोलीत घेऊन दोनदा विचारलं, कुणी दबाव आणतंय का. मी म्हटलं, मेहुणाच घेत नाही म्हणतोय.

तुमचा प्रश्न माझ्या बायकोचा आहे. रास्त आहे. मी तुमच्या वतीनं तिला विचारलं. ती म्हणाली, ‘दाजींना म्हणावं, माणूस परत पाठवा. आतलं काय ठेवून घ्यायचं ते घ्या.’ रुग्णालयात तुमच्या उशाशी पहिली ती बसणार आहे, तिनं रजा टाकलीय.

बारकी तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. ती दिवसभर परक्या माणसांचं रक्त तपासते आणि घरी येऊन तुमचे डोळे तपासते, पिवळे किती झाले. तुम्ही नको म्हणालात तर तुमचं सुटेल. ती ते तपासणं कुठं ठेवील?

शुक्रवारी येतोय. दार उघडा.

कपाट

२० जानेवारी

कपाट,

पत्र लिहायची मला सवय नाही. बारकी म्हणाली, फोन करा. फोनवर मी काही बोलत नाही अशी तक्रार तू लेखी केली आहेस.

जखम भरली. काठी सोडली. दुकानात दोन तास बसतो, लहान घड्याळं घेतो. पहारेकऱ्यांना झोपवायच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत, त्या घेतो. तोंडाला चव आलीय. तुझ्या यकृताला गोड सोसतं, माझ्याला सोसत नव्हतं. तू त्याला फार वाईट सवयी लावल्या आहेस.

तुझा उरलेला भाग भरून आला, असं तुझ्या बायकोनं कळवलं. तू परत गोदामात जायला लागलास हेही तिनंच कळवलं. सहा महिने काही उचलू नकोस. ते फक्त तुझं राहिलेलं नाही, मला विचारून वापर.

काल शेजारचा शिंपी म्हणाला, ‘त्या सामानवाल्याचं बसवलं म्हणे?’ मी म्हटलं, माझ्या भावाचं. त्याला काही समजलं नाही, मीही फोड केली नाही.

काल महिन्याचा रिपोर्ट आला. बारकी रिपोर्ट आणते तो उंबऱ्यातच वाचते, पेन्सिलीनं खुणा करते आणि प्रत्येक आकड्यावर मला व्याख्यान देते. दोन वर्षं हे चाललंय. मी भिंगातून वर न बघता ‘बरं’ म्हणतो. काल तिनं तो टेबलावर ठेवला, हात धुतले आणि ताट घेऊन बसली. मी वाट बघितली. शेवटी मीच विचारलं, ‘काय म्हणतोय?’

‘काही नाही,’ म्हणाली. ‘भाजी छान झालीय.’

आणि दोनदा भात घेतला तिनं, गप्पा मारत.

दाजी